बुंदीचे अकरा नियम आणि एक सवलत

बुंदीला सांभाळण्यात व्यंकटरावांचा निव्वळ फायदा सत्तावीस दिवसांचा होता. मागच्या उन्हाळ्यात नात मृण्मयी पुण्याहून आजी-आजोबांकडे देवळाईला आली, ती चार दिवस राहून गेली. यंदा ती अख्खा मे महिना राहणार होती. एकतीस वजा चार, सत्तावीस. बदल्यात द्यायचं काय, तर एप्रिलचे वीस दिवस एक कुत्रा सांभाळायचा. चाळीस वर्षं पाटबंधारे खात्यात कारकुनी करून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला असा सौदा रोज मिळत नाही.

सौदा मुलानं, अमेयनं, फोनवर ठरवला. त्यांचं पुण्यातलं घर रंगवायला काढलं होतं, रंगाच्या वासानं बुंदीला शिंकांवर शिंका येत होत्या, आणि मृण्मयीची परीक्षा महिनाअखेरपर्यंत होती.

"बुंदी आधी येईल, परीक्षा संपली की मृण्मयी," अमेय म्हणाला. "पण बाबा, तिचं म्हणणं आहे, बुंदी तिथं नीट राहिली तरच. नाहीतर ती बुंदीला घेऊन नाशिकला मावशीकडे जाणार."

नाशिकच्या मावशीकडे एसी होता, हिरवळ होती आणि मृण्मयीच्या वयाची मुलगी होती. व्यंकटरावांकडे कूलर होता. त्यामुळे त्यांनी 'नीट' या शब्दाची व्याख्या विचारली नाही, लगेच होकार दिला.

बुंदी म्हणजे तीस किलोंची, तुपात तळून काढल्यासारख्या रंगाची गोल्डन रिट्रीव्हर. मादी. पण व्यंकटराव तिला शेवटपर्यंत 'कुत्रा'च म्हणत राहिले. त्या शब्दाचं स्त्रीलिंगी रूप त्यांनी फक्त भांडणात ऐकलं होतं आणि ते घरात उच्चारायची त्यांची तयारी नव्हती. बुंदीबरोबर दोन वाडगे आले, एक पिशवी आली आणि अकरा वर्षांच्या मृण्मयीनं रंगीत पेनांनी लिहिलेला एक कागद आला. अमेयनं तो फ्रिजवर चिकटवला. वर मथळा होता, 'बुंदीचे उन्हाळ्याचे नियम', आणि खाली अकरा कलमं.

आता इथं हिरव्या शाईचं सांगायला हवं. सरकारी कचेरीत हिरव्या शाईनं सही करायची ती राजपत्रित अधिकाऱ्यानं. हेडक्लार्कनं आयुष्यभर निळ्या शाईत टिपण्या लिहायच्या आणि साहेबांची हिरवी सही येण्याची वाट बघायची. व्यंकटराव निवृत्त झाले आणि चौथ्या दिवशी गुलमंडीच्या बाजारात जाऊन हिरव्या शाईचं पेन घेऊन आले. वाण्याची यादी, दूधवाल्याचं कार्ड, भानुमतीबाईंची भिशीची वही, सगळ्यांवर तेव्हापासून हिरवे शेरे पडत आले होते. नातीचा कागद कसा सुटणार?

पहिला नियम होता, 'पाणी दोन ठिकाणी ठेवायचं, दिवसातून चार वेळा बदलायचं.' व्यंकटरावांनी समासात लिहिलं, 'पाणी उपलब्धतेच्या अधीन.' तिसरा, 'फिरायला सकाळी सातच्या आत, संध्याकाळी सातनंतर. आधी उलटा हात रस्त्यावर ठेवून बघायचा. आपल्याला चटका बसला तर तिलाही बसतो.' त्यापुढं, 'नोंद घेतली.' पाचवा, 'तिचे केस कापायचे नाहीत.' त्यापुढं नुसतं प्रश्नचिन्ह. आठव्यात बंद गाडीत बसवून ठेवू नका म्हटलं होतं, नवव्यात कांदा, द्राक्षं, चॉकलेट देऊ नका. दहावा, 'गारखेड्यातल्या प्राण्यांच्या डॉक्टर, डॉ. सुलेखा यांचा नंबर दोघांच्याही फोनमध्ये पाहिजे.' त्यापुढं, 'आवश्यकता नाही.' भानुमतीबाईंनी मुकाट्यानं तो नंबर दोन्ही फोनमध्ये टाकला.

अकरावा नियम असा: 'काही चुकलं तर मला लगेच खरं सांगायचं.'

यापुढं व्यंकटरावांनी 'मान्य' लिहून खाली झोकदार सही केली. हा नियम लागू पडायची वेळच येणार नाही, याची त्यांना खात्री होती.

"लेकराच्या कागदावर कसल्या सह्या करताय?" भानुमतीबाई म्हणाल्या.

"अगं, कागदावर शेरा नसला की कागद पुढं सरकत नाही."

"फ्रिजवर चिकटवलाय तो. सरकायचा कुठं?"

घरामागं मोकळे प्लॉट होते. आखणी झालेली, दगड रोवलेले, आणि मधून नवाकोरा काळाभोर डांबरी रस्ता गेलेला. बाजूला झाड म्हणून नाही. त्या रस्त्याच्या टोकाला, डोंगराच्या पायथ्याशी एक मोठा कडुलिंब होता आणि त्याखाली उन्हाळ्यात सोनाजी आणि वच्छलाबाई या धनगर नवरा-बायकोचा तळ पडायचा. बरोबर मेंढ्या, आणि मेंढ्यांमागं फिरायला अजून लहान म्हणून जाळीच्या कुंपणात ठेवलेली अकरा कोकरं. भानुमतीबाई त्यांच्याकडून कुंड्यांसाठी लेंडीखत आणायच्या, त्यामुळे ओळख होती.

एप्रिलच्या सुरुवातीला वच्छलाबाई रिकामा हंडा घेऊन फाटकाशी आली होती.

"पानी द्या की वो काका, कोकरांला. हिरीची मोटार जळलीय आज."

व्यंकटरावांनी तिला टँकर चौथ्या दिवशी येतो हे सांगितलं, टाकी किती लिटरची आहे ते सांगितलं, माणशी वापर सांगितला. ज्या खात्यानं त्यांना पोसलं त्या खात्यात पाण्याच्या पाळ्या ठरत. मागणी किती, उपलब्ध किती, मंजूर किती. हे सगळं झाल्यावर त्यांनी अर्धा हंडा मंजूर केला.

वच्छलाबाईनं हंड्यात डोकावून पाहिलं. "सांगायला जेवढा येळ लागला, तेवढ्यात भरला असता की," म्हणाली आणि गेली.

बुंदीचे पहिले बारा दिवस सुखाचे गेले. त्याचं श्रेय भानुमतीबाईंना; त्या सहालाच तिला फिरवून आणायच्या आणि वाडगे दर दोन तासांनी भरायच्या, उपलब्धतेच्या अधीन वगैरे न राहता. व्यंकटरावांची पूजा नऊपर्यंत चालायची, त्यानंतर वर्तमानपत्र. पण दुपारी दोघं एकाच कूलरसमोर यायचे, खुर्चीत व्यंकटराव आणि फरशीवर बुंदी. ती जीभ बाहेर टाकून धापा टाकायची आणि व्यंकटराव तिच्या केसांकडं बघत राहायचे. एवढी गोधडी अंगावर घेऊन एप्रिल काढायचा! लहान पोर ते, म्हणे केस कापायचे नाहीत. पोरींना बाहुल्यांचे केस आवडतात, तसलाच हा प्रकार. आपण हा कुत्रा मोकळा-मोकळा करून ठेवला, तर मृण्मयी येईल तेव्हा तो उड्या मारत सामोरा जाईल, आणि ती म्हणेल, आजोबा, हे मला कसं सुचलं नाही?

कुत्र्यांच्या पार्लरवाल्यानं आठ दिवसांनंतरची वेळ दिली. तेव्हा त्यांना सोनाजी आठवला. वर्षातून दोनदा अख्खा कळप कातरणारा माणूस! पण सोनाजी सकाळी डोंगरावर जायचा, साडेअकराला लिंबाखाली टेकायचा आणि चारला पुन्हा उठायचा. म्हणजे वेळ राहिली ती भर दुपारची. आणि तिसरा नियम आडवा येत होता.

नियम आडवा आला की काय करायचं, हे चाळीस वर्षं कचेरीत बसलेल्या माणसाला शिकवावं लागत नाही. त्यांनी हिरवं पेन काढलं आणि कागदाच्या तळाशी लिहिलं: 'नियम ३ व ५ मधून एक वेळची सवलत. विशेष बाब म्हणून मंजूर.' खाली सही, तारीख. अर्ज करणारे तेच, मंजूर करणारेही तेच. फाइल इतक्या लवकर हलल्याचं समाधान त्यांना नोकरीत कधी मिळालं नव्हतं.

भानुमतीबाई आत लवंडल्या होत्या. व्यंकटरावांनी डोक्याला टोपी घातली, खांद्यावर पंचा टाकला, डोळ्याला गॉगल लावला, जाड तळाच्या चपला घातल्या, ऊन लागू नये म्हणून सवयीनं खिशात कांदा टाकला. पाण्याची छोटी बाटली घेतली, स्वतःसाठी. बुंदीच्या गळ्यात पट्टा अडकवला. पावणेएक वाजला होता आणि पारा बेचाळिसावर होता.

फाटकाबाहेर पडताच बुंदी थांबली. एक पाय उचलला, ठेवला, दुसरा उचलला.

"चल चल. कौतुकं नकोत," व्यंकटराव म्हणाले.

रस्ता सव्वा किलोमीटरचा. अर्ध्यात विजेचा एक खांब होता. त्याच्या हातभर रुंदीच्या सावलीत बुंदी जाऊन बसली. व्यंकटरावांनी पट्टा ओढला. ती उठली, कारण ती आज्ञाधारक होती, आणि त्या दुपारी तेवढाच तिचा दोष ठरला. पुढं तिची धाप घरघरीवर आली. लाळ चिकट होऊन लोंबायला लागली. लिंब शंभर पावलांवर असताना ती दारू प्यायल्यासारखी झोकांड्या खाऊ लागली, आणि लिंबाच्या सावलीच्या काठाशी पोचताच कुशीवर कोसळली.

"आवो सायेब!" सोनाजी अंगावरचं घोंगडं टाकून धावला. "ह्या उनात जनावर भाईर काढलं? काय येड-बिड लागलं का?"

"केस... केस कापायचे होते," व्यंकटराव म्हणाले. "तुमच्याकडून. गरम होतं म्हणून."

सोनाजीनं एकदा त्यांच्याकडं, एकदा बुंदीकडं पाहिलं. बुंदीला काखेत धरून त्यानं गर्द सावलीत ओढलं. व्यंकटराव गुडघ्यांवर बसले. त्यांनी खिशातला कांदा काढला, मुठीनं फोडला आणि तो बुंदीच्या तोंडाशी नेला. दुसऱ्या हातानं फोन लावला. नंबर भानुमतीबाईंनी टाकलेला होता म्हणून सापडला.

"किती वेळ झाला पडून?" पलीकडून डॉ. सुलेखा म्हणाल्या. "शुद्धीवर आहे? डोळे हलतात? बरं. आधी तिच्या अंगावर पाणी ओता. पोटावर, काखेत, जांघेत, पंजांवर. साधं पाणी, बर्फबिर्फ नको. आणि वारा घाला. तुम्ही आत्ता काय करताय?"

"कांदा हुंगवतोय."

"फेका तो कांदा! कुत्र्यांना विषारी असतो. पाणी आहे का तिथं?"

व्यंकटरावांनी बाटली पाहिली. वाटेत त्यांनीच पिऊन तिच्यात चार घोट उरवले होते.

वच्छलाबाई एव्हाना जाळीकडून एक हंडा घेऊन आली होती. म्हणाली, "कोकरांचं हाय. डोईवरून आनलंय सकाळी, दोन खेपा करून." आणि पहिला हंडा तिनं बुंदीच्या पोटावर रिता केला. मोजणं नाही, विचारणं नाही. मग दुसरा हंडा, ओंजळी-ओंजळीनं, काखेत आणि पंजांवर. सोनाजी घोंगड्याची दोन टोकं धरून पंख्यासारखं हलवू लागला. व्यंकटरावांनी खांद्यावरचा पंचा ओला करून बुंदीवर पसरला, तर फोनमधून पुन्हा आवाज आला, "अंगावर ओलं कापड टाकून ठेवू नका हं, उष्णता आत कोंडते." त्यांनी पंचा झटकन काढला आणि त्यानं वारा घालू लागले. त्या दिवशी त्यांनी एकाही सूचनेवर शेरा मारला नाही.

"त्या दिशी तुमी अर्धा हंडा दिला व्हता ना, काका," वच्छलाबाई पाणी शिंपताना म्हणाली, "त्यो वजा करा ह्याच्यातनं. बाकी दीड ऱ्हायला."

थोड्या वेळानं बुंदीनं शेपटीचं टोक एकदा जमिनीवर आपटलं. वच्छलाबाईनं तिच्या जिभेजवळ ओंजळ धरली. बुंदी दोन थेंब चाटली. व्यंकटराव मातीतच बसले. त्यांचा गॉगल आतून ओला झाला होता.

"सोनाजी," ते म्हणाले, "मग तुम्ही मेंढ्या का कातरता? त्यांना गरम होतं म्हणूनच ना?"

"लोकर आमाला लागती म्हून कातरतो, सायेब. मेंढीनं कधी अर्ज केला व्हय?" सोनाजी म्हणाला. "कातरली तरी बोटभर ठिवतो. आन मी बगा, उनात घोंगडं घेऊन फिरतो का न्हाय? तसंच हिचं हाय. ऊन भाईरच्या भाईर अडतं. ह्ये कापलं असतं तर कातडी भाजली असती." मग त्यानं बुंदीचा पंजा उलटा करून दाखवला. काळ्या गाद्यांवर फोड आले होते. "जरा चपला काढा. त्या डांबरावर हुबं ऱ्हावा."

"आत्ता?"

"तिनं सव्वा किलोमीटर काढलं. तुमी धा म्हना."

पंचाहत्तरीचे व्यंकटराव उठले, चपला काढल्या आणि रस्त्यावर जाऊन उभे राहिले. खरं तर चार अंकांनाच त्यांचे डोळे पांढरे झाले होते. पण दहा म्हणजे दहा. कमी केलेल्या आकड्यावर सही करायची त्यांना सवय नव्हती. ते दहापर्यंत उभे राहिले.

तेवढ्यात भानुमतीबाई गाडी घेऊन आल्या. गाडी चालवायला त्या अठ्ठावन्नाव्या वर्षी शिकल्या होत्या आणि व्यंकटराव त्यांच्या शेजारी बसायला आजवर कां-कू करत आले होते. फ्रिजवरची नवी सही वाचून, केस कापायला म्हणजे सोनाजीकडंच हे ओळखून त्या निघाल्या होत्या, गाडी थंडगार करून. "बसा मागं, तिचं डोकं मांडीवर घ्या," एवढंच त्या बोलल्या. गारखेड्यापर्यंत व्यंकटरावांनी एकदाही 'हळू' म्हटलं नाही.

दवाखान्यात सलाइन लागलं, रक्त तपासलं गेलं. "पाणी पडलं नसतं तर इथवर पोचली नसती," डॉ. सुलेखा म्हणाल्या. "कुणी ओतलं?" संध्याकाळी त्यांनी बुंदीला मलम, पट्ट्या आणि चार दिवसांच्या विश्रांतीसह घरी सोडलं. जाता जाता व्यंकटरावांच्या पायांकडं बघून म्हणाल्या, "हे माझ्या खात्यात येत नाही, पण मलम तेच चालेल."

घरी आल्यावर प्रश्न उरला अकराव्या नियमाचा.

"मृण्मयीला यायला अजून आठ दिवस आहेत," भानुमतीबाई म्हणाल्या. त्या रागावल्या होत्या, पण नातीचा महिना त्यांनाही हवा होता. "तोवर पंजे भरतील. कळलं तर पोर नाशिकला जाईल, आणि मग पुढचा उन्हाळा कुणी बघितलाय?"

दोन दिवस त्यांनी तसंच केलं. व्हिडिओ कॉलवर बुंदीचं तोंड दाखवायचं, पंजे उशीआड. मृण्मयी म्हणायची, "बुंदे, गंमत आहे ना?" आणि बुंदी शेपटी हलवायची, खोटं बोलण्यात तिचा सहभाग तेवढाच. व्यंकटराव मात्र पाण्याला उठले की टाचांवर चालत फ्रिजपाशी जायचे. समोर कागद. 'मान्य.' हिरवी, झोकदार सही. चाळीस वर्षांत त्यांनी दुसऱ्यांच्या सह्या पाळल्या होत्या. स्वतःची हिरवी सही पाळायची वेळ पहिल्यांदाच आली होती, आणि ती ते मोडत होते.

तिसऱ्या दिवशी त्यांनी फोन लावला आणि सगळं सांगितलं. केस, सवलत, खांबाची सावली, कांदा. कांद्यावर पलीकडून "आजोबा!" असं आलं.

"किती वाजता नेलंत?"

"पावणेएकला."

"रस्ता हातानं बघितला होता?"

"नाही. नंतर पायानं बघितला."

फोन बंद झाला. दोन दिवस पुण्याहून कुणी बोललं नाही. भानुमतीबाईंनी माळ्यावरून काढलेली मृण्मयीची गादी पुन्हा गुंडाळून ठेवली. व्यंकटराव सत्तावीसचा आकडा मनातून खोडत होते आणि तो काही खोडला जात नव्हता.

तिसऱ्या संध्याकाळी अमेयचा फोन आला. "बाबा, एक तारखेला सोडतो तिला."

"नाशिकला?"

"तुमच्याकडे. खूप रडली आधी. मग म्हणाली, त्यांनी खरं सांगितलं, आणि बुंदीजवळ तिथं एखादं जबाबदार माणूस पाहिजे."

मृण्मयी आली ती पिशवी न ठेवता थेट बुंदीकडं गेली, एकेक पंजा उलटा करून पाहिला. मग आजोबांसमोर येऊन म्हणाली, "तुमचे दाखवा." व्यंकटरावांनी मुकाट्यानं तळवे दाखवले. मग ती फ्रिजपाशी गेली आणि हात मागं करून म्हणाली, "पेन."

हिरवं पेन व्यंकटरावांनी आजवर कुणालाही दिलं नव्हतं. त्यांनी ते खिशातून काढून दिलं. मृण्मयीनं सवलतीच्या ओळीवर आडवी रेघ मारून शेजारी 'नामंजूर' लिहिलं, खाली सही केली आणि बारावा नियम घातला: 'आजोबांनी सकाळी सहाला बुंदीबरोबर यायचं. पूजा नंतर.' पेन परत मिळालं नाही.

फाटकाबाहेर आता सिमेंटचा एक हौद आहे. टँकर आला की पहिली पाळी त्या हौदाची. वेळापत्रक व्यंकटरावांनीच लिहिलं, निळ्या शाईत. पहिल्या दिवशी वच्छलाबाईनं त्यात हात बुडवून खोली पाहिली.

"काठोकाठ हाय की वो. आज सांगनं-बिंगनं काय न्हाय?"

"नाही," व्यंकटराव म्हणाले.

तेव्हा शेवटची बेरीज अशी. सत्तावीस दिवस व्यंकटरावांना पूर्ण मिळाले, वर रोजची सकाळची फेरी, ती त्यांनी मागितलीही नव्हती. त्यासाठी बुंदीनं चार पंजांची कातडी दिली, व्यंकटरावांनी दोन तळव्यांची आणि एक पेन. आणि जाळीतल्या अकरा कोकरांनी, ज्यांना या सौद्यात कुणी काही विचारलंच नव्हतं, एका दुपारचं सगळं पाणी.